इंग्रजी लेखन, वाचकांचे प्रश्न : ‘प्रॉबेबली’ कुठे लिहावे आणि ‘सर्टनली’ केव्हा लिहावे?

या सदरासाठी नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. ‘प्रॉबेबली’, ‘सर्टनली’, ‘डेफिनिटली’, ‘परहॅप्स’, ‘शुअरली’ ही विधानाबद्दलची खात्री सांगणारी क्रियाविशेषणे इंग्रजी लेखनात कुठे ठेवावीत आणि त्यांतले कोणते केव्हा निवडावे, असा तो प्रश्न आहे. समोरासमोर बोलताना आवाज, चेहरा आणि हातवारे आपली खात्री किंवा शंका पोहोचवतात. लिहिताना मात्र ते सगळे काम या एका शब्दाला आणि वाक्यातील त्याच्या जागेला करावे लागते. प्रश्न कार्यालयीन पत्रांपासून न्यायालयीन अर्जांपर्यंतच्या लेखनाचा असल्यामुळे या अंकात ही पत्रे एकत्र घेतली आहेत. इंग्रजी शब्द आणि वाक्ये नेहमीप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

प्रश्न : मी द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका पॅकहाउसमध्ये कागदपत्रांचे आणि ई-मेलचे काम पाहते. युरोपातील खरेदीदाराला मी ‘द कंटेनर विल नॉट प्रॉबेबली रीच द पोर्ट ऑन फ्रायडे’ असे लिहिले होते. आमच्या व्यवस्थापकांनी त्यातील ‘प्रॉबेबली’ उचलून ‘नॉट’च्या आधी ठेवले. मला दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच वाटतो. मग जागेला एवढे महत्त्व का? – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : व्यवस्थापकांची दुरुस्ती बरोबर आहे. तुमचे वाक्य वाचून खरेदीदाराला अर्थ कळला असता, पण इंग्रजी लिहिणारा माणूस ते वाक्य तसे लिहिणार नाही. खात्रीच्या क्रियाविशेषणाची वाक्यातील नेहमीची जागा पहिल्या साहाय्यक क्रियापदानंतर आणि मुख्य क्रियापदाच्या आधी असते : ‘द कंटेनर विल प्रॉबेबली रीच द पोर्ट ऑन फ्रायडे.’ साहाय्यक क्रियापदे एकाहून अधिक असली तरी हा शब्द पहिल्याच्याच मागे बसतो : ‘द ग्रेप्स विल प्रॉबेबली हॅव बीन लोडेड बाय इव्हनिंग.’ साहाय्यक क्रियापद नसेल, तर तो सरळ मुख्य क्रियापदाच्या आधी येतो : ‘द बायर प्रॉबेबली नोज द रेट.’ वाक्यात ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी एखादे मुख्य क्रियापद म्हणून आले असेल, तर मात्र तो त्याच्यानंतर येतो : ‘द रेट इज प्रॉबेबली हायर नाऊ.’ क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्या मध्ये या शब्दाला जागा नसते. ‘वी रिसीव्ह्ड डेफिनिटली द रिपोर्ट’ अशी वाक्ये आपल्याकडच्या पत्रांत बऱ्याचदा दिसतात. ती ‘वी डेफिनिटली रिसीव्ह्ड द रिपोर्ट’ अशी हवीत.

तुमच्या वाक्यातील खरी अडचण नकाराची आहे. मराठीत ‘कंटेनर शुक्रवारी बहुधा पोहोचणार नाही’ असे म्हणताना ‘बहुधा’ आपोआप आधी येते आणि ‘नाही’ वाक्याच्या शेवटी जाते. त्यामुळे या दोघांच्या क्रमाचा विचार करण्याची वेळ मराठी माणसावर कधी येतच नाही. इंग्रजीत ‘नॉट’ लवकर येते, म्हणून त्याच्या आधी की नंतर हे ठरवावे लागते, आणि खात्रीचा शब्द नेहमी आधी हवा : ‘विल प्रॉबेबली नॉट रीच.’ ‘वोन्ट’, ‘डझन्ट’, ‘इजन्ट’ अशी जोडरूपे वापरली, तर तो त्या संपूर्ण जोडरूपाच्या आधी जातो : ‘द कंटेनर प्रॉबेबली वोन्ट रीच.’ ‘डू नॉट’ सुटे लिहिले तरीही ‘वी प्रॉबेबली डू नॉट नीड अनदर पर्मिट’ असेच लिहावे.

‘प्रॉबेबली’च्या बाबतीत क्रम चुकला, तर वाक्य फक्त ओबडधोबड होते. ‘डेफिनिटली’ आणि ‘सर्टनली’ यांच्या बाबतीत मात्र अर्थच बदलतो, आणि तुमच्या व्यवसायात तो बदल महागात पडू शकतो. द्राक्षांमधील कीडनाशकांच्या अवशेषांबद्दलच्या पत्रव्यवहारात ‘द सॅम्पल डेफिनिटली डझ नॉट कंटेन धिस केमिकल’ असे लिहिले, तर या नमुन्यात हे रसायन नाही याची आम्हाला पूर्ण खात्री आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेच शब्द घेऊन ‘द सॅम्पल डझ नॉट डेफिनिटली कंटेन धिस केमिकल’ असे लिहिले, तर ते असल्याचे अजून नक्की झालेले नाही, म्हणजेच ते असूही शकते, असा अर्थ निघतो. पहिले वाक्य ग्वाही देते, दुसरे शंका व्यक्त करते. दुसरे वाक्य वाचल्यावर सावध खरेदीदार माल थांबवून नव्याने तपासणी मागेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमच्या कामासाठी ती क्रमापेक्षाही मोलाची आहे. आपल्या बोलण्यात ‘नक्की पाठवतो’ हे पुष्कळदा सौजन्याचे बोल असतात, आणि ऐकणाराही त्यांना तेवढेच वजन देतो. त्याच सौजन्याने ‘वी विल डेफिनिटली शिप ऑन द ट्वेंटिएथ’ असे लिहिले, की परक्या देशातील खरेदीदार त्याला वचन समजतो आणि आपल्या दुकानदारांना तारीख देऊन मोकळा होतो. काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर काय होते, हे निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत कुणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे हवामानावर, ट्रकवर किंवा बंदरातल्या रांगेवर अवलंबून असलेल्या तारखेसमोर ‘डेफिनिटली’ लिहू नये. ‘वी एक्स्पेक्ट टू शिप ऑन द ट्वेंटिएथ’ असे लिहून, वेळापत्रक कशामुळे बदलू शकते ते पुढच्या वाक्यात स्पष्ट सांगणे अधिक प्रामाणिक आहे. अशी पत्रे लिहिणाऱ्या निर्यातदाराच्या ‘डेफिनिटली’ला पुढे किंमत राहते.

प्रश्न : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करतो. नापास झालेल्या भागांचे अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात. ‘मेबी’ हा एक शब्द आहे की दोन? आणि कारण पक्के कळलेले नसेल तेव्हा ‘इट मे पॉसिबली बी ड्यू टू टूल वेअर’ असे लिहिणे चालेल का? – एक अभियंता, सातपूर

उत्तर : दोन्ही आहेत, आणि ते वेगवेगळे आहेत. जोडून लिहिलेले ‘मेबी’ हे क्रियाविशेषण असून त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा होतो. सुटे लिहिलेले ‘मे बी’ ही दोन क्रियापदे असून त्यांचा अर्थ ‘असू शकेल’ असा होतो. ‘द टूल मे बी वर्न’ येथे ते सुटेच हवे, कारण ते काढले तर वाक्यात क्रियापदच उरत नाही. त्या जागी ‘परहॅप्स’ ठेवून वाक्य उभे राहते का ते पाहावे. उभे राहिले तर जोडून लिहावे, कोसळले तर सुटे लिहावे. अहवालात मात्र जोडशब्दाची गरज फारशी पडू नये, कारण ‘मेबी’ बोलण्यातला शब्द आहे आणि औपचारिक लेखनात त्याच्या जागी ‘परहॅप्स’ किंवा ‘पॉसिबली’ अधिक शोभते. ‘मेबी’ सहसा वाक्याच्या सुरुवातीलाच येते. ‘परहॅप्स’ मात्र मध्येही बसते : ‘धिस इज परहॅप्स द मेन कॉज.’

‘मे पॉसिबली’ टाळावे. ‘मे’मध्ये शक्यता आधीच आहे, तिच्यावर ‘पॉसिबली’ चढवल्याने माहिती वाढत नाही, फक्त लिहिणारा मागे सरकल्यासारखा दिसतो. ‘माइट परहॅप्स’ आणि ‘मे प्रॉबेबली’ ही जोडपी त्याहून वाईट. त्यांतले दुसरे तर स्वतःलाच खोडून काढते, कारण ‘मे’ म्हणते कदाचित आणि ‘प्रॉबेबली’ म्हणते बहुधा. याला दोन अपवाद आहेत. ‘कुड यू पॉसिबली सेंड द ड्रॉइंग’ ही अतिशय नम्र विनंती आहे आणि ‘वी कान्ट पॉसिबली ॲक्सेप्ट धिस’ हा ठाम नकार आहे. अहवालात एकच शब्द निवडावा आणि लगेच त्याचा आधार द्यावा : ‘द कॉज इज प्रॉबेबली टूल वेअर, सिन्स ऑल द रिजेक्टेड पीसेस केम फ्रॉम द सेम मशीन.’ ‘सिन्स’नंतरचा भाग लिहिता येत नसेल, तर ‘प्रॉबेबली’ म्हणण्याइतका पुरावा हाती आलेला नाही, असे समजून ‘पॉसिबली’वर थांबावे.

प्रश्न : मी वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थिनी असून प्रबंध लिहीत आहे. मार्गदर्शकांनी माझ्या चर्चेच्या प्रकरणातील ‘डेफिनिटली’, ‘ऑब्व्हियसली’ आणि ‘क्लिअरली’ हे सगळे शब्द लाल शाईने खोडले, पण पुढच्या पानावर मी प्रत्येक वाक्यात ‘मे’ लिहिले तेव्हा तेही त्यांना पटले नाही. मग किती खात्रीने लिहायचे? – एक विद्यार्थिनी, आडगाव

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांनी दोन्ही वेळा एकाच कारणाने शाई वापरली असावी, असे तुमच्या पत्रावरून दिसते. खात्रीचा शब्द लेखकाच्या स्वभावावरून ठरत नाही, तो पुराव्याच्या वजनावरून ठरतो, आणि एकाच प्रबंधात वेगवेगळ्या विधानांमागचा पुरावा वेगवेगळ्या वजनाचा असतो. तुम्ही स्वतः मोजलेल्या गोष्टीला ‘मे’ची गरज नसते. साठ रुग्णांपैकी अठरा जणांना ताप होता, तर ‘एटीन पेशंट्स हॅड फीव्हर’ एवढेच लिहावे, त्यात ना ‘सर्टनली’ हवे ना ‘प्रॉबेबली’. त्या साठ जणांवरून इतर रुग्णांबद्दल काही म्हणायचे असेल, तिथून सावध शब्दांची गरज सुरू होते, आणि तिथे ‘द फाइंडिंग्ज सजेस्ट’ किंवा ‘प्रॉबेबली’ योग्य ठरते. त्यामागची शारीरिक कारणपरंपरा तुम्ही तपासलेलीच नसेल आणि केवळ तर्काने मांडत असाल, तर ‘पॉसिबली’च्या पुढे जाऊ नये. अशी तीन पायऱ्यांची शिस्त पाळलेला उतारा वाचताना परीक्षकाला कोणती गोष्ट मोजलेली, कोणती अनुमानाची आणि कोणती कल्पनेची, हे न विचारता कळते. प्रत्येक वाक्यात ‘मे’ घातले, की हा सगळा फरक पुसला जातो. मार्गदर्शकांचा आक्षेप त्यालाच असावा.

संख्याशास्त्राच्या संदर्भात एक चूक इतकी रुळली आहे की तिचा वेगळा उल्लेख करायला हवा. ‘पी व्हॅल्यू’ ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे आपला निष्कर्ष ९५ टक्के खरा आहे, असे समजून पुष्कळ जण ‘देअरफोर, द ड्रग डेफिनिटली वर्क्स’ असे लिहून टाकतात. त्या आकड्याचा अर्थ तसा नाही. प्रत्यक्षात औषधाचा काहीच परिणाम नसता, तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच तो सांगतो. त्यातून ‘डेफिनिटली’ निघत नाही.

‘ऑब्व्हियसली’ आणि ‘क्लिअरली’ यांच्याबद्दल माझे मत कडक आहे. वाचकाला जे स्पष्ट दिसते आहे त्याला ‘क्लिअरली’ची गरज नाही, आणि जे स्पष्ट नाही ते ‘क्लिअरली’ लिहिल्याने स्पष्ट होत नाही. उलट, पुरावा तोकडा पडला तिथे हा शब्द आला आहे, असा संशय अनुभवी वाचकाला येतो. ‘अपॅरंटली’पासूनही सावध राहावे. त्याचा अर्थ ‘उघडपणे’ असा घेऊन आपल्याकडे तो ठाम विधानांत वापरला जातो, पण आजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘असे दिसते खरे’, ‘असे ऐकिवात आहे’ असा होतो. ‘द पेशंट अपॅरंटली रिकव्हर्ड’ असे लिहिले, तर तो बरा झाला याची खात्री तुम्हाला स्वतःला नाही, असे वाचकाला वाटेल.

हे शब्द किती टक्क्यांचे, असेही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारले आहे. हा प्रश्न तुमच्या आधी फार मोठ्या माणसांना पडला आहे. १९५१ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ असल्याचे एका अहवालात लिहिले. त्या कामाची जबाबदारी असलेले शर्मन केंट यांच्या मनात हल्ल्याच्या बाजूने ६५ आणि विरुद्ध ३५ असे प्रमाण होते, पण अहवाल वाचणाऱ्या अधिकाऱ्याने शक्यता बरीच कमी धरली होती. केंट यांनी मग त्या मजकुराला संमती देणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारले, तेव्हा उत्तरे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेली निघाली. सगळ्यांनी एकाच वाक्याखाली मान डोलावली होती आणि प्रत्येकाच्या मनात वेगळा आकडा होता. १९६४ मध्ये केंट यांनी या विषयावर लेख लिहून शब्दांना आकडे जोडण्याचा आग्रह धरला, त्यात ‘प्रॉबेबल’ला सुमारे ७५ टक्के आणि ‘ऑलमोस्ट सर्टन’ला सुमारे ९३ टक्के ठरवून दिले. हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, हेच काम आपल्या अहवालांसाठी केले आहे. तिथे ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान ९० टक्के आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ म्हणजे किमान ९९ टक्के. हे आकडे त्या त्या संस्थेच्या चौकटीतले आहेत, ते उचलून प्रबंधात आणू नयेत. तुमच्याकडे टक्केवारी आणि तिची मर्यादा काढलेली असेल, तर शब्दाच्या जोडीला तो आकडाच द्यावा.

प्रश्न : मी निवृत्त बँक अधिकारी आहे. आयुष्यभर ‘आय विल शुअरली अटेंड’ असे लिहीत आलो. परदेशात असलेल्या सुनेने मला सांगितले, की बाबा, तिथे असे लिहीत नाहीत. तिचे म्हणणे खरे आहे का? – एक ज्येष्ठ वाचक, कॉलेज रोड

उत्तर : सूनबाईंचे म्हणणे बरोबर आहे, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीच्या बाबतीत. भारतीय इंग्रजीत ‘शुअरली’ हे ‘सर्टनली’च्या अर्थाने इतके रुळले आहे की देशातल्या देशात लिहिलेल्या तुमच्या वाक्याचा अर्थ कुणी चुकीचा घेणार नाही. पण इंग्लंडमधील वाचकाच्या कानाला ‘शुअरली’मध्ये खात्रीपेक्षा अपेक्षा अधिक ऐकू येते. आपल्याला एखादी गोष्ट खरी वाटते, समोरच्यानेही मान्य करावी असे वाटते, आणि तो करत नाही याचे थोडे नवलही वाटते, अशा वेळी तो शब्द येतो : ‘शुअरली द बँक मस्ट गिव्ह अस अ रिसीट.’ मराठीत आपण ‘बँकेने पावती द्यायला हवी ना!’ म्हणतो, त्यातल्या ‘ना’चे काम हा शब्द करतो. निमंत्रणाच्या उत्तरात ‘आय विल सर्टनली अटेंड’ किंवा नुसते ‘आय विल बी ग्लॅड टू अटेंड’ लिहावे.

त्याच्या जवळची आणखी एक चूक बँकांच्या पत्रांत पाहण्यात येते : ‘इट इज शुअर दॅट द लोन विल बी सँक्शन्ड.’ ‘शुअर’ माणसे असतात, ‘इट’ नसते. म्हणून ‘आय ॲम शुअर दॅट’ किंवा ‘इट इज सर्टन दॅट’ असे लिहावे. ‘ऑफ कोर्स’ वापरताना मात्र थोडे जपावे. विनंतीला दिलेले ‘ऑफ कोर्स’ आपुलकीचे असते, पण माहिती विचारणाऱ्याला ते दिले, तर ‘एवढेही कळत नाही का’ असा सूर लागतो.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यात आठवी-नववीला इंग्रजी शिकवते. ‘तो आजारी असेल’ याचे भाषांतर मुले ‘ही विल बी इल’ असे करतात. ‘असेल’, ‘असावा’ आणि ‘च’ हे इंग्रजीत कसे आणायचे ते मुलांना समजावताना माझीच ओढाताण होते. – एक शिक्षिका, सिन्नर

उत्तर : सगळ्या पत्रांमध्ये मला हे पत्र सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण वरच्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे. मराठीत खात्री सांगायला क्रियाविशेषण लागतेच असे नाही. ते काम क्रियापदाचे रूप आणि शब्दाला चिकटलेला ‘च’ करतो. ‘तो आजारी आहे’, ‘तो आजारी असावा’, ‘तो आजारी असेल’, ‘तो आजारी असू शकेल’ या चार वाक्यांत एकही क्रियाविशेषण नाही, तरी खात्री पायरीपायरीने उतरते. मुले ‘असेल’ पाहतात, ते भविष्यकाळाचे रूप आहे हे त्यांना व्याकरणात शिकवलेले असते, म्हणून ती ‘विल बी’ लिहितात. त्यांनी व्याकरण पाठ केले, पण आपली भाषा त्या रूपाने आत्ताच्या क्षणाबद्दलचा अंदाज सांगते, हे त्यांना कुणी दाखवलेले नसते. म्हणून भाषांतराआधी त्यांना एकच प्रश्न विचारावा : ही गोष्ट पुढे घडायची आहे, की आत्ता घडलेली असून आपण अंदाज करतो आहोत? अंदाज असेल तर वर्तमानकाळ ठेवून ‘प्रॉबेबली’ घालावे : ‘ही इज प्रॉबेबली इल.’ ‘तो पोहोचला असेल’ याला ‘ही हॅज प्रॉबेबली रीच्ड’ म्हणावे.

‘असावा’मागे काहीतरी खूण असते. रस्ता ओला दिसतो म्हणून ‘रात्री पाऊस पडला असावा’, तर ‘इट मस्ट हॅव रेन्ड ॲट नाइट.’ पण ढग पाहून उद्याचे सांगताना ‘मस्ट’ चालत नाही, कारण अनुमानाचे ‘मस्ट’ भविष्याकडे वळत नाही. ‘इट मस्ट रेन टुमॉरो’ म्हणजे उद्या पाऊस पडलाच पाहिजे, अशी मागणी होते. तिथे ‘इट विल प्रॉबेबली रेन टुमॉरो’ हवे. नकारात दुसरा खड्डा आहे. ‘तो आजारी नसावा’ याला मुले ‘ही मस्ट नॉट बी इल’ लिहितात, आणि ते पुष्कळ वाचकांना आज्ञेसारखे वाटते. व्याकरणाच्या पुस्तकांत त्या जागी ‘कान्ट बी’ सांगितलेले असते, पण माझ्या मते ‘नसावा’ तितका ठाम नाही. ‘तो आजारी असूच शकत नाही’ याला ‘ही कान्ट बी इल’ म्हणावे, आणि साध्या ‘नसावा’ला ‘ही प्रॉबेबली इजन्ट इल’ पुरते.

‘च’ कुठे चिकटला आहे ते पाहायला शिकवावे. ‘तो येईलच’ यात तो क्रियापदाला लागला आहे, म्हणून ‘ही विल डेफिनिटली कम.’ ‘तोच येईल’ यात तो नामाच्या जागी आलेल्या शब्दाला लागला आहे आणि इथे खात्रीचा संबंध नाही, दुसरा कुणी नव्हे एवढेच सांगायचे आहे. तिथे ‘डेफिनिटली’ घातले, तर वाक्य शुद्ध दिसते आणि अर्थ चुकतो. फळ्यावर एकच मराठी वाक्य लिहून त्यात ‘च’ एकेका शब्दाला लावत न्यावा आणि प्रत्येक वेळी मुलांना काय बदलले ते मराठीतच सांगायला लावावे. इंग्रजी वाक्य त्यानंतर विचारावे.

प्रश्न : अर्ज आणि लेखी युक्तिवाद इंग्रजीत लिहिताना मी ‘नो डाउट’, ‘अनडाउटेडली’ आणि ‘ॲडमिटेडली’ हे शब्द जोर देण्यासाठी वापरतो. एका ज्येष्ठ वकिलांनी ते कमी करण्यास सुचवले. – एक वकील, नाशिक

उत्तर : ज्येष्ठांचा सल्ला ऐकावा. ‘नो डाउट’ शब्दशः पाहिले तर ‘निःसंशय’ वाटते, पण इंग्रजीच्या वापरात त्याची धार बोथट झाली आहे. ‘द विटनेस नो डाउट सॉ द व्हेइकल’ याचा अर्थ ‘साक्षीदाराने वाहन पाहिले असेल, असे मी धरून चालतो’ इतकाच होतो, आणि वाचणारा पुढच्या ‘बट’ची वाट पाहू लागतो. खरोखर ‘निःसंशय’ म्हणायचे असेल, तर ‘अनडाउटेडली’ किंवा ‘विदाउट डाउट’ लिहावे. वाक्यारंभी स्वल्पविराम देऊन लिहिलेल्या ‘सर्टनली’चेही तसेच आहे, तेही पुष्कळदा विरुद्ध पक्षाचा मुद्दा मान्य करून पुढे जाण्यासाठी येते. ‘ॲडमिटेडली’ हा तर न्यायालयात जोर देण्याचा शब्दच नाही. समोरच्या पक्षाने ती बाब कबूल केली आहे, असे ते विधान असते, आणि कबुली अभिलेखावर नसेल तर ते चुकीचे विधान ठरते.

या शब्दांतील अंतर किती मोठे असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातून आलेल्या एका फौजदारी अपिलात १९७३ मध्ये सांगितले आहे. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात म्हटले, की शिक्षा देण्यासाठी आरोपी दोषी ‘असलाच पाहिजे’, नुसता ‘असू शकतो’ एवढे पुरत नाही, कारण ‘मे बी’ आणि ‘मस्ट बी’ यांतील मानसिक अंतर मोठे असून तेच संदिग्ध तर्काला खात्रीच्या निष्कर्षापासून वेगळे करते. तो उतारा पुढच्या अनेक निकालांत उद्धृत झाला आहे. पुराव्याच्या कायद्यातील ‘सिद्ध’ची व्याख्याही शहाण्या माणसाने ज्यावर विसंबून वागावे इतक्या संभाव्यतेची आहे. तुमच्या युक्तिवादातील प्रत्येक ‘अनडाउटेडली’ समोर त्या साक्षीचा परिच्छेद क्रमांक लिहून पाहा, ज्याला क्रमांक मिळत नाही तो शब्द काढून टाका.

प्रश्न : मॅडम, मी दहावीत आहे. ‘डेफिनिटली’च्या स्पेलिंगमध्ये माझे नेहमी गुण जातात. आणि ‘विल लाइकली’ बरोबर आहे का? – एक विद्यार्थी, देवळाली कॅम्प

उत्तर : ‘डेफिनिटली’च्या पोटात ‘फायनाइट’ हा शब्द पूर्ण आहे, गणितात तू तो पाहिला असशील. डी, ई, मग एफ-आय-एन-आय-टी-ई, आणि शेवटी एल-वाय. यात ‘ए’ हे अक्षर कुठेही येत नाही, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते. ‘प्रॉबेबली’मध्ये ‘बी’ दोनदा येतो, बोलताना एक गिळला जातो म्हणून लिहिताना गाळू नकोस. ‘विल लाइकली’ अमेरिकेत सर्रास लिहितात. आपल्या शाळांत ब्रिटिश वळण शिकवतात आणि तिथे ‘लाइकली’ हे मुख्यतः विशेषण आहे, म्हणून परीक्षेत ‘इट इज लाइकली टू रेन’ किंवा ‘इट विल प्रॉबेबली रेन’ असे लिहावेस. क्रियाविशेषण म्हणूनच वापरायचे असेल, तर त्याच्या आधी ‘व्हेरी’ किंवा ‘मोस्ट’ लावावे.